इंदूरच्या मॅरेज गार्डनमधली हुकमी गाणी : यादी कशी घडत गेली

इंदूरमध्ये मराठी घरचं लग्न कुठल्याही मॅरेज गार्डनमध्ये असो, डीजेची यादी साधारण एकाच वळणाची निघते. सुरुवातीला किशोरकुमार, मग ऐंशीच्या दशकातलं डिस्को, त्यावर पंजाबी ढोल, मध्ये मराठीचा टप्पा आणि त्याच्या टोकाला 'झिंगाट'. कराओकेच्या संध्याकाळी यादी बदलते, तिथे लताबाई, रफी आणि द्वंद्वगीतं पुढे येतात. ही निवड डीजेच्या किंवा गाणाऱ्यांच्या आवडीवर सोडली जाते असं वाटतं. प्रत्यक्षात ती त्या त्या काळच्या यंत्रांनी आधीच बरीचशी करून ठेवली आहे. रेडिओ, ऑर्केस्ट्रा, कॅसेट, सीडी, लॅपटॉप यांतल्या प्रत्येकाने काही गाणी पुढे ढकलली, काही अडवून धरली. आजच्या यादीत हे सगळे थर एकाच वेळी वाजत असतात.

पहिला थर शब्दांचा, आणि तो रेडिओने घातला. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज दर बुधवारी घरोघरी पोचला. १९५५ मध्ये इंदूरला आकाशवाणीचं केंद्र आलं, १९५७ मध्ये विविध भारती. एकच मुखडा आठवड्यातून कितीदा तरी कानावर पडायचा, त्यामुळे मुखडे लोकांना पाठ झाले. अंतरे तितके झाले नाहीत. डीजे आवाज बंद करून लोकांना गायला लावतो ती युक्ती याच जमाखर्चावर चालते. फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, खाली घ्यायचा तो मुखड्याच्या दुसऱ्या आवर्तनात, जास्तीत जास्त दोन ओळींपुरता, आणि परत वर आणायचा तो नेमका समेवर. अंतऱ्यात आवाज बंद केला की पहिल्या चार शब्दांनंतर गार्डनभर शांतता पसरते, आणि ती भरून काढायला पुढची दोन गाणी जातात.

इंदूरला या थरात एक घरचा धागा आहे. लता मंगेशकर यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ चा, इंदूरचा. किशोरकुमार त्याच वर्षी ४ ऑगस्टला खांडव्यात जन्मले आणि शिकायला इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात होते. मध्य प्रदेश शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार १९८४ पासून दिला जातो. शहरातल्या हौशी गाणाऱ्यांच्या गटांचं वर्षाचं वेळापत्रकही अशाच तारखांभोवती फिरतं : ३१ जुलै रफींची पुण्यतिथी, ४ ऑगस्ट किशोरदा, २८ सप्टेंबर लताबाई, २४ डिसेंबर पुन्हा रफी. ऑगस्टमध्ये सभागृह हवं असेल तर खूप आधी नोंदवावं लागतं ते यामुळेच. आणि मराठी घरांना किशोरकुमारचं आणखी एक देणं आहे : १९८७ च्या 'गंमत जंमत'मधलं 'अश्विनी ये ना'. हिंदीच्या टप्प्यातून मराठीत शिरायला याच्याइतकी सोपी वाट नाही. आवाज ओळखीचा असल्याने मराठी न कळणारे पाहुणेसुद्धा फ्लोअर सोडत नाहीत.

दुसरा थर ऑर्केस्ट्राचा. गणेशोत्सवात मेळ्यांची जागा ऑर्केस्ट्राने घेतली आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत तोच शहराचा डीजे होता. भक्तिगीत, एक-दोन शांत गाणी, द्वंद्वगीत, मग ठेक्याची गाणी आणि शेवटी फर्माईश हा क्रम तिथे पक्का झाला. आजही लेडीज संगीताची सुरुवात गणपतीच्या गाण्यानेच होते. आठ-दहा वादकांत जमेल तेच गाणं टिके. पन्नास व्हायोलिनांची सुरावट ॲकॉर्डियनवर निभावत नसे, म्हणून बाँगो-काँगोवर उभी राहणारी राहुलदेव बर्मन यांची गाणी मंचावर राज्य करू लागली. १९८५ मध्ये रोलँडचा ऑक्टोपॅड आला आणि एका वादकाच्या हाताखाली ड्रम, टाळ्या, ढोलकी सगळं आलं. तालप्रधान गाण्यांचं पारडं तिथून जड झालं ते आजतागायत तसंच आहे.

कॅसेटने मात्र उलथापालथच केली. १९८० च्या 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' बिद्दू यांनी केलं, नाझिया हसन यांनी गायलं. १९८२ ला 'डिस्को डान्सर' आला, संगीत बप्पी लाहिरींचं. ही गाणी एकसारख्या बीटवर बांधलेली होती, मोजून पाय टाकता येईल अशी. नाचाचं शिक्षण नसलेल्या माणसालाही त्यात आपली जागा सापडते, म्हणून ती चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही हुकमी आहेत. स्वस्त कॅसेटच्या लाटेत जुन्या गाण्यांच्या 'व्हर्जन' निघाल्या. कॉपीराइट कायद्यातल्या तेव्हाच्या तरतुदीनुसार मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं ते संपल्यावर दोन वर्षांनी, ठरलेलं मानधन भरून, नव्या आवाजात तेच गाणं काढता येत असे. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची झाली. त्याच काळात झंकार बीट्स आले : मूळ लताबाई-किशोर तसेच ठेवून वरून इलेक्ट्रॉनिक ठेका चढवलेला. टॅक्सीत आणि पानाच्या दुकानात ते छान वाजायचे. पुढची पायरी रीमिक्सची. १९७२ च्या 'समाधी'तलं लताबाईंचं 'काँटा लगा' २००२ मध्ये रीमिक्स होऊन आलं आणि ज्यांनी मूळ कधी ऐकलं नव्हतं त्यांनाही मुखडा पाठ झाला.

इथे तांत्रिक बाजूवर थोडं थांबायला हवं, कारण जुनी गाणी लावताना नव्या डीजेची फजिती इथेच होते. साठ-सत्तरच्या दशकातलं चित्रपटगीत सगळ्या वादकांना एकत्र बसवून, मेट्रोनोमशिवाय मुद्रित झालेलं आहे. त्याची लय हलती असते. शेवटच्या अंतऱ्यात ती बहुधा चढलेली असते. सॉफ्टवेअर गाण्याच्या सुरुवातीवरून बीटची जाळी, म्हणजे ठोके कुठे पडणार याची आखणी, करतं, ती दीड मिनिटात सुटते, आणि मग दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणारं 'सिंक' दाबलं की दोन ठेके एकमेकांवर आपटतात. उपाय असे : जाळी ज्या जागी मिक्स करायचं तिथल्या आठ मात्रांवरून हाताने आखावी, किंवा मुखड्याच्या आधीच्या वाद्यसंगीताचा चार-आठ मात्रांचा लूप, म्हणजे परत परत वाजणारा तुकडा, घेऊन त्यावरच गाणं बदलावं. तेही नको असेल तर आधी घरी री-एडिट करून, पुढे सोळा किंवा बत्तीस बीट्सचा ठेका जोडून ठेवावा. पूर्ण गाणं कोणी वाजवत नाही. मुखडा, पहिला अंतरा, परत मुखडा, एवढं पुरतं.

वेग बदलण्याचंही गणित आहे. १९७९ च्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके-२ या टर्नटेबलवर वेग ८ टक्के वर-खाली करता यायचा आणि त्यासोबत सूरही सरकायचा : सुमारे ६ टक्के वेग वाढवला की गाणं अर्ध्या स्वराने चढतं, म्हणजे हार्मोनियमवर काळी एकचं पांढरी दोन होतं. लग्नाच्या धंद्यात आधी सीडी प्लेअर आणि मग लॅपटॉप आले, त्यांत सूर जागेवर ठेवून वेग बदलण्याची सोय आहे. तरीही ओळखीच्या आवाजाला ५-६ टक्क्यांपलीकडे ताणू नये. किशोरकुमार घाईत असल्यासारखे ऐकू येतात आणि लोकांना कारण कळलं नाही तरी खटकतं. दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. १९७२ चं गाणं २०१६ च्या गाण्यापुढे खूपच हळू वाजतं, कारण नवी गाणी दाबून, मोठी करून मास्टर केलेली असतात. हा फरक चॅनलच्या गेनने, म्हणजे त्या एकाच गाण्याची पातळी बदलणाऱ्या बटणाने, आधीच हेडफोनवर भरून काढायचा. ऐनवेळी मास्टर, म्हणजे एकूण आवाज, वर केला तर पुढचं नवं गाणं आलं की ॲम्प्लिफायरचा लाल दिवा लागलाच समजा.

मराठीचा टप्पा इंदूरमध्ये जपून बांधावा लागतो. एका बाजूला मराठी वऱ्हाड, दुसऱ्या बाजूला बहुतेकदा माळवी, गुजराती किंवा सिंधी पाहुणे. २००६ च्या 'जत्रा'तलं 'कोंबडी पळाली' आणि त्याच चालीवर २०१२ च्या 'अग्निपथ'मध्ये आलेलं 'चिकनी चमेली', दोन्ही अजय-अतुल यांची. ही जोडी पुलाचं काम करते : हिंदीतून सुरू करून दुसऱ्या मुखड्याला मराठीत उतरायचं. स्केल आणि वेग घरीच जुळवून ठेवायचा. चाल एक आहे म्हणून सूरही एकच असेल असं धरून चालू नये. 'झिंगाट' २०१६ च्या 'सैराट'मधलं. २०१८ मध्ये त्याचा हिंदी अवतार आला, पण गार्डनमध्ये मराठीच लावावं, उडी त्यावरच पडते. ते रात्री आठलाच वाजवून संपवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. त्याच्या वर चढवायला मग हातात काही उरत नाही.

कोळीगीतं वेगळी अडचण आणतात. त्यांचा ठेका सहा मात्रांत झुलतो, डिस्को आणि पंजाबी गाणी चारच्या पटीत चालतात. मुख्य ठोके जुळवले तरी आतले भाग जुळत नाहीत : एकीकडे ठोक्याचे दोन तुकडे, दुसरीकडे तीन. ऐकणाऱ्याला नुसता खडखडाट वाटतो. म्हणून जाणाऱ्या गाण्याची वरची पट्टी, म्हणजे तीक्ष्ण आवाजांची हाय, आधी काढून टाकायची, हाय-हॅटची झांज गेली की टक्कर थांबते. मग बेसची अदलाबदल करायची आणि चार ठोक्यांत जुनं गाणं बंद. नाही जमलं तर एको लावून तोडणं आणि ढोलकीच्या तुकड्यावर नवं गाणं सुरू करणं जास्त चांगलं.

आता कराओके. १९७१ मध्ये जपानच्या कोबेत दाइसुके इनोउए यांनी नाणं टाकून गाण्याचं यंत्र केलं. पेटंट त्यांनी घेतलं नाही. हिंदी गाण्यांना मात्र ही सोय मिळायला वेळ लागला, आणि कारण पुन्हा यांत्रिकच होतं. स्टीरिओ गाण्यात गायकाचा आवाज मधोमध असतो, म्हणून डावा-उजवा वजा केले की तो बराचसा पुसला जातो. पण पन्नास-साठच्या दशकातली आपली लाडकी गाणी मोनो आहेत. दोन्ही बाजू सारख्याच, वजा केलं की सगळंच शून्य. त्यामुळे ही गाणी कीबोर्डवर नव्याने वाजवून ट्रॅक करावे लागले. ज्यांचे चांगले ट्रॅक निघाले तीच गाणी मंचावर फिरली. तितकीच सुंदर असलेली कित्येक गाणी फक्त ट्रॅक नसल्याने मागे पडली, याची हळहळ वाटते. द्वंद्वगीतांचे 'विथ फीमेल' ट्रॅकही याच कारखान्यातले : जोडीदार नसलेल्या गाणाऱ्यासाठी एक आवाज तसाच ठेवलेला.

स्केलचा प्रश्न रोजचा. काळी चारमधलं बाईचं गाणं पुरुषाला काळी एकमध्ये हवं तर सात अर्धस्वर खाली यावं लागतं. बटण दाबून दोन-तीन अर्धस्वरांपर्यंत ट्रॅक स्वच्छ राहतो, त्यापुढे तबला बोदा होतो आणि बासरी घोगरी. इतका फरक असेल तर मिडीवर, म्हणजे ध्वनीऐवजी स्वरांच्या सूचना साठवून, केलेला ट्रॅक घ्यावा. त्यात स्वर बदलले तरी तालवाद्यांना धक्का लागत नाही.

माइक तोंडापासून दोन ते चार बोटं, जाळीवर मूठ नाही, स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे आणि पाठ त्याच्याकडे. यातलं काही चुकलं की शिटी वाजते. मिक्सरवर १०० हर्ट्झखालचा भाग कापला की श्वासाचे धपके जातात. फोनपासून मिक्सरपर्यंत ब्लूटूथ चालतं, पण मिक्सर ते स्पीकर ब्लूटूथ असेल तर गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. तो थांबतो, ट्रॅक पुढे जातो. इथे वायरच हवी.

वेळेची मर्यादा कायद्याने घातली आहे. मध्य प्रदेशाचा कोलाहल नियंत्रण अधिनियम १९८५ चा, केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम २००० चे : रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद, निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. म्हणून यादी आता शेवटाकडून बांधतात. दहाला वीस मिनिटं असताना सगळ्यात वरची गाणी, शेवटची पाच मिनिटं सगळ्यांना पाठ असलेलं एखादं संथ गाणं. लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांत गाणी वाजवण्याला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. रेस्टॉरंटमधल्या कराओके नाइटला ती नाही, तिथे मालकाला परवाने घ्यावे लागतात.

गेल्या काही वर्षांत आवाज आणि वाद्यं वेगळी करणारी सॉफ्टवेअर आली. डीझर कंपनीने २०१९ मध्ये आपलं स्प्लिटर खुलं केलं आणि मोनो गाण्यातूनही गायक बाजूला काढता येऊ लागला. आता हे काम डीजेच्या लॅपटॉपवर चालू गाण्यातच होतं : कोणी मावशी माइक मागायला आल्या की आवाजाची पट्टी खाली घ्यायची आणि त्यांना गाऊ द्यायचं. चाल जोरकस आणि वाद्यं थोडी असतील तिथे निकाल उत्तम येतो. पण लताबाईंचा आलाप आणि त्याला चिकटून चालणारी बासरी किंवा व्हायोलिन यांत यंत्र गोंधळतं. आलापाबरोबर बासरीही अर्धी जाते, आणि गेलेल्या आवाजाची सावली मागे राहते. अशा गाण्यांसाठी जाणकार गट अजूनही कीबोर्डवर वाजवलेले जुने ट्रॅकच वापरतात.