भीती लोकांची की आरशाची?

वर्गात हात वर न करणारी, ग्रुप फोटोत मागे सरकणारी, वाढदिवसाला जायचे ऐनवेळी टाळणारी किशोरवयीन मुलगी दिसली, की ‘लाजाळू आहे’ एवढे म्हणून विषय मिटवला जातो. या टाळाटाळीमागे कधी सामाजिक चिंता, म्हणजे सोशल अँग्झायटी, असते, तर कधी बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर, ज्यात रूपातला एखादा दोष, इतरांना न दिसणारा किंवा अगदी किरकोळ वाटणारा, मन व्यापून टाकतो. दोन्ही विकार बहुधा याच वयात डोके वर काढतात आणि लोक आपल्याला नावे ठेवतील ही धास्ती दोन्हींत असते.

फरक दिसतो तो मुलगी एकटी असताना. सामाजिक चिंतेत भीती मुख्यतः वागण्याबोलण्याची असते: आवाज कापेल, चेहरा लाल होईल, बोलताना आपण अडखळू. प्रसंग टळला की जीव भांड्यात पडतो, मग घडून गेलेले संभाषण रात्री मनात घोळत राहिले तरी. दुसऱ्या विकारात मात्र खोलीचे दार लावूनही सुटका नसते. नाकाचा आकार किंवा गालावरचा डाग आरशात, खिडकीच्या काचेत, बंद मोबाइलच्या काळ्या स्क्रीनवरही पुन्हा पुन्हा न्याहाळणे, केस ओढून तो झाकणे, त्वचा खुडणे यांत तास जातात. काही मुली उलट आरसाच टाळतात. अशा सक्तीच्या कृतींमुळेच अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या वर्गीकरणात हा विकार ओसीडीच्या, म्हणजे नको असलेले विचार आणि सक्तीच्या कृती पुन्हा पुन्हा होत राहणाऱ्या विकाराच्या, गटात आहे, तर सामाजिक चिंता चिंताविकारांत. (काळजी केवळ वजनाची असेल, तर आधी आहारविकाराचा विचार करावा लागतो.)

‘आई, खरंच दिसतोय का गं डाग?’ या प्रश्नाला ‘छे, छान दिसतेस’ हे उत्तर प्रेमाचे असले, तरी त्याने मिळणारा दिलासा फार टिकत नाही आणि विचारणे हीच एक सवय होऊन बसते. कॉस्मेटिक उपचारांनीही हा विकार सहसा हटत नाही. एक दोष गेला की लक्ष दुसऱ्यावर जाते.

कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे विचारांची आणि वागण्याची पद्धत बदलायला शिकवणारी उपचारपद्धती, दोन्हींवर उपयोगी पडते, पण तिचा रोख वेगळा असतो: सामाजिक चिंतेत टाळलेल्या प्रसंगांना हळूहळू सामोरे जायचे असते, तर बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डरमध्ये त्याच्या जोडीला न्याहाळणे आणि विचारणेही थांबवायचे असते. एकाच मुलीला दोन्ही विकार असणेही दुर्मीळ नाही. माझ्या मते खरी अडचण निदानापूर्वीच सुरू होते, कारण आपल्याला उथळ समजतील या लाजेने मुली दिसण्याचा विषय स्वतःहून काढत नाहीत आणि फक्त ‘लोकांत भीती वाटते’ एवढेच सांगतात. म्हणून दिसण्यातल्या कोणत्या गोष्टीचा त्रास होतो आणि त्यात दिवसाचा किती वेळ जातो, हे समुपदेशकाने थेट विचारायला हवे. आत्महत्येचे विचार येतात का, हेही, कारण बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डरमध्ये तो धोका मोठा असतो.