खानदेशी माणूस बर्फ बघायला कधीपासून जाऊ लागला?

नाताळच्या सुटीत जळगाव, भुसावळ, धुळ्याची कुटुंबं मनालीला, शिमल्याला, गुलमर्गला निघतात, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. रेल्वेचं आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं. नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. त्यामुळे नाताळच्या तिकिटांची मारामारी दिवाळीच्या तोंडावरच सुरू होते. एका हाताने चकल्या तळायच्या आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर झेलम एक्स्प्रेसची वेटिंग लिस्ट बघायची, असा तो काळ. पण ही सवय फार जुनी नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणी ‘पौषात हिमालयात जातो’ म्हटलं असतं, तर घरातल्या थोरल्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

त्यांचं चुकलंही नसतं. आपल्याकडे हिमालय म्हणजे बद्री-केदार, आणि बद्री-केदारला स्वतःचं पंचांग आहे. गंगोत्री-यमुनोत्रीची दारं अक्षय्य तृतीयेला उघडतात, केदारनाथाची त्याच सुमाराला. केदारनाथ बंद होतो भाऊबीजेला आणि बद्रीनाथ त्यानंतर थोड्याच दिवसांनी. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर आखाजी ते भाऊबीज. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, शेतीचं जुनं वर्ष संपून नवं सुरू होतं. त्याच दिवसांत म्हातारी माणसं यात्रेला निघायची. भाऊबीजेनंतर केदारनाथाची मूर्तीसुद्धा खाली उखीमठला आणली जाते. जिथे देव थांबत नाही तिथे माणसाने कशाला जायचं, हा साधा हिशेब होता. यात्रेकरूंना वाटेत बर्फ दिसायचा, पण ती वाटेतली अडचण होती. बर्फ बघायला म्हणून कुणी जात नव्हतं.

शिवाय हिवाळ्यात घर सोडायला इथे सवड कुणाला होती? कपाशीची वेचणी चाललेली, गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचं, दादर म्हणजे रब्बी ज्वारी पोटरीत आलेली. रावेर-यावल पट्ट्यात केळीची काळजी वेगळीच. पारा दहा अंशांखाली गेला की केळीची वाढ थबकते, नवं पान सुरळीतच अडकतं, घड नीट बाहेर पडत नाही. ‘बागेला थंडीचा चरका बसला’ हे वाक्य त्या गावांतून दर हिवाळ्यात ऐकू येतं. मग रात्री पाणी सोडायचं, पहाटे बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा, घडांना पिशव्या चढवायच्या. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या तापमापकाने दोन-तीन अंशांपर्यंतचे आकडे दाखवले आहेत. ज्याच्या बागेत लाखभर रुपयांचे घड लोंबत आहेत, त्याला ‘गुलाबी थंडी’ हा शब्द ऐकून राग येणं स्वाभाविक आहे.

तरी थंडीची मजा खानदेशाला माहीत नव्हती असं नाही. ती शेतातच होती. भरताची वांगी मोठी, पांढरट हिरवी. ती कपाशीच्या काड्यांच्या जाळावर टाकायची, साल काळी होऊन तडकली की सोलायची आणि लाकडी मुसळाने ठेचायची. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून फोडणी दिली की कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुरीबरोबर पन्नास माणसं बांधावर जेवतात. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला यात्रा भरते. तिथला घोडेबाजार देशभरात नावाजलेला. डिसेंबरची करमणूक म्हणजे ही. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. त्या कडाक्यात बांबू-चटयांच्या नगरात हजारो माणसं राहिली. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू, मूळचे काश्मिरी आणि पहाडाचं वेड असलेले. पुढे १९५८ मध्ये त्यांनी मनालीला मुक्काम केला तेव्हा त्या आडबाजूच्या गावाकडे देशाचं लक्ष गेलं.

आपल्याकडचा गारठा आणि तिकडचा बर्फ यांचं मूळ मात्र एकच आहे. भूमध्य समुद्राकडून हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभ येतात. त्यांच्यातला ओलावा काश्मीर-हिमाचलच्या डोंगरांवर बर्फ होऊन पडतो. विक्षोभ पुढे सरकला की मागून कोरडे, थंड उत्तरेचे वारे राजस्थान, माळव्यावरून खाली घसरतात. ढग नसतात, रात्री लांब असतात, जमीन झपाट्याने थंड होते. म्हणून गुलमर्गला दणकून बर्फ पडल्याची बातमी आली की दोन-चार दिवसांत जळगावकर कपाटातून स्वेटर काढतात. ते स्वेटरही पुष्कळदा पहाडी माणसांकडूनच घेतलेले असतात. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो तिबेटी निर्वासित आले, आणि हिवाळाभर शहरोशहरी लोकरी कपडे विकणं हा त्यांच्यातल्या अनेकांचा धंदा झाला. माल बहुतेक लुधियानाचा, पण विकणारा माणूस हिमालयातला. जळगाव-धुळ्याच्या कित्येक पोरांनी पाहिलेला पहिला हिमालय तोच.

बर्फाची हौस म्हणाल तर ती आधी राजेरजवाड्यांची. मोगलांच्या स्वयंपाकघरात पाणी गार करायला सोरा वापरायचे. अकबराचा मुक्काम लाहोरला हलल्यावर डोंगरातून होड्यांनी आणि हमालांच्या पाठीवरून बर्फ येऊ लागला, हे आईन-ए-अकबरीत नोंदलेलं आहे. पण तो सरबतात घालायचा बर्फ. १८३३ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनहून जहाजाने कलकत्त्याला बर्फाच्या लाद्या आल्या आणि मुंबईलाही लवकरच येऊ लागल्या, त्याही पेल्यासाठीच. बर्फावर जाऊन लोळण्यात गंमत आहे ही कल्पना त्यात कुठेच नव्हती.

इंग्रज साहेबांनी ही गंमत आणली असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. १८६४ मध्ये शिमला उन्हाळी राजधानी ठरलं, १९०३ मध्ये कालका-शिमला ही ९६ किलोमीटरची छोटी गाडी सुरू झाली. पण साहेब तिथे जायचा उन्हाळ्यात, मैदानातल्या उकाड्याला कंटाळून. थंडी पडली की सरकारी दफ्तरं गाठोडी बांधून खाली उतरायची. बर्फातलं शिमला साहेबालाही नकोच होतं. अपवाद गुलमर्गचा. तिथे १९२७ मध्ये गोऱ्या अधिकाऱ्यांनी स्कीइंगचा क्लब काढला, पण ते मूठभरांचं काम.

साहेबाने आपल्याला दिलं ते दुसरंच काहीतरी, आणि ते भुसावळात उभं आहे. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे घाट चढून खानदेशात आली. १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता सलग जोडले गेले. भुसावळला एक फाटा नागपूरकडे आणि दुसरा इटारसीकडे गेला. १९१२ मध्ये पंजाब मेल सुरू झाली. बोटीतून उतरलेले अधिकारी आणि टपाल घेऊन ती मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून निघायची आणि भुसावळ, इटारसी, दिल्ली, लाहोर करत थेट पेशावर गाठायची. तिसऱ्या वर्गाचे डबे तिला फार उशिरा लागले. म्हणजे पहाडाकडे जाणारी गाडी रोज आपल्या दारावरून जात होती आणि तिच्यात आपण नव्हतो. फाळणीनंतर ती फिरोजपूरपर्यंतच उरली. १९७२ मध्ये रेल्वे जम्मूला पोचली. पुढे पुण्याहून निघणारी झेलम एक्स्प्रेस मनमाड, जळगाव, भुसावळवरून जम्मूला जाऊ लागली. गाडी न बदलता, दोन रात्री काढून, डोंगराच्या पायथ्याशी. महाराष्ट्रातल्या फार थोड्या भागांना ही सोय इतकी सहज मिळाली.

खानदेशातला बर्फाचा नाद निसर्गप्रेमापेक्षा पासाने वाढवला, असं माझं मत आहे. भुसावळ हे रेल्वेचं गाव. रेल्वे कर्मचाऱ्याला वर्षाकाठी ठरावीक मोफत पास मिळतात, कुटुंबासकट. शिवाय भुसावळला आणि वरणगावला आयुध निर्माणी, आणि केंद्र सरकारी नोकरांना १९५६ पासून प्रवास सवलत, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली एलटीसी. चार वर्षांच्या मुदतीत एकदा देशात कुठेही जाता येतं. सवलत वाया घालवायची नाही, हा मध्यमवर्गीय बाणा. आणि अंतरावर पैसे मिळणार असतील तर जवळ कशाला जायचं? कन्याकुमारी किंवा काश्मीर, या दोनच टोकांची चर्चा घरोघरी व्हायची. साठच्या दशकातल्या रंगीत हिंदी चित्रपटांनी काश्मीरचं पारडं आधीच जड करून ठेवलं होतं. २०१० पासून तर जम्मू-काश्मीरला एलटीसीवर विमानाने जायची खास मुभा मिळाली. एरवी ज्याला विमानाचं तिकीट कधी मंजूर झालं नसतं, अशा कारकुनानेही श्रीनगरला विमानातून उतरून घेतलं.

दुसरे वाटाडे म्हणजे फौजी. खानदेशातल्या खेड्यांतून सैन्यात गेलेली मुलं लडाख-काश्मीरच्या ठाण्यांवर राहिली. १९८४ पासून सियाचीनवरही पहारा सुरू झाला. रजेवर आलेला पोरगा फोटो दाखवायचा. त्यात कमरेइतका बर्फ आणि पुढे दाढी गोठलेला आपलाच भाऊ. त्या फोटोंमध्ये सहलीची मजा कुठेच नव्हती, हे सांगायला हवं. बर्फ म्हणजे काय चीज आहे, हे गावाला त्यांनीच आधी दाखवलं.

१९८९ नंतर काश्मीर पेटलं आणि सगळा प्रवाह हिमाचलकडे वळला. आजची मनाली त्या वळणावर वाढली आहे. हॉटेलं चढली, चंदीगडहून रात्रीच्या बसगाड्या सुरू झाल्या, मराठी सहल कंपन्या स्वतःचे आचारी घेऊन जाऊ लागल्या. खानदेशी मंडळींना तिसऱ्या दिवशी शेवभाजी आठवते, हे त्या आचाऱ्यांना पाठ झालेलं असतं. मनालीजवळच्या सोलंगच्या वाटेवर एकामागे एक दुकानं, प्रत्येकावर मोठा क्रमांक रंगवलेला. तिथे केसाळ अस्तराचे लांब कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात. ड्रायव्हर गाडी नेमकी एका क्रमांकापाशी थांबवतो, का ते विचारायचं नसतं. कोट आदल्या गिऱ्हाइकाच्या घामाने दमट, बूट दोन्ही एका मापाचे असतीलच असं नाही. साडीवर तो कोट चढवून घेतलेले फोटो भुसावळच्या निम्म्या घरांत असतील.

तारखांचं गणित मात्र शाळांनी बदललं. मराठी शाळेत दोन सुट्या, दिवाळीची आणि उन्हाळ्याची. इंग्रजी माध्यम आणि सीबीएसई तालुक्यापर्यंत पोचलं तशी नाताळची सुटी घरात आली. आखाजीला चाललेली म्हातारी पिढी आणि डिसेंबरात चाललेली नातवंडं, एवढं अंतर तीन पिढ्यांत पडलं.

या सगळ्यात आपल्या डोंगरांचं काय? सातपुड्यातलं तोरणमाळ हे महाराष्ट्रातलं दुसऱ्या क्रमांकाचं थंड हवेचं ठिकाण मानतात. उंची साडेअकराशे मीटरच्या आसपास, यशवंत तलाव, सीताखाई. पण तिथे बर्फ पडत नाही. कडाक्याच्या थंडीत अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब, वालंब्याकडे पहाटे दवबिंदू गोठतात. गवताच्या काडीवर, मोटारसायकलच्या सीटवर पांढरा थर दिसतो. हवा तीन-चार अंशांवर असली तरी निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतचं पातं शून्याखाली जातं, म्हणून हे घडतं. याला हिमवृष्टी म्हणत नाहीत. तरी दर वर्षी कुठेतरी ‘सातपुड्यात काश्मीर अवतरलं’ असा मथळा येतोच. सातपुड्याला काश्मीर म्हटलं की त्याचा मान वाढतो, हा समज काही मला पटत नाही. तिथल्या भिल्ल, पावरा कुटुंबांना पातळ गोधडीत ती रात्र काढायची असते आणि सकाळी करपलेला भाजीपाला बघायचा असतो.

इकडे वाटा सोप्या होत गेल्या. ३ ऑक्टोबर २०२० ला रोहतांगखालून नऊ किलोमीटरचा अटल बोगदा उघडला. ३,९७८ मीटरची खिंड हिवाळ्यात बंद असली तरी लाहौलच्या सिस्सूपर्यंत गाडी जाते. गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा दुसरा टप्पा २००५ पासून चालू आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यात २६ माणसं मारली गेली, त्यात महाराष्ट्रातले सहा. सहली रद्द झाल्या, बरीच ठिकाणं बंद ठेवली आणि मग टप्प्याटप्प्याने उघडली. त्याच वर्षी जूनमध्ये चिनाब पुलावरून कटरा-श्रीनगर गाडी सुरू झाली. म्हणजे आता भुसावळहून श्रीनगरपर्यंत सगळा प्रवास रुळांवरून होतो, फक्त गाडी बदलावी लागते.

घोळ उरला आहे तो बर्फाचाच. काश्मिरातला कडाक्याचा चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलां’ २१ डिसेंबरला सुरू होऊन जानेवारीच्या अखेरीस संपतो. नाताळची सुटी त्याच्या तोंडाशीच पडते. एखाद्या वर्षी तेव्हाच भरपूर पडतो, एखाद्या वर्षी जानेवारी उलटला तरी नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार पिवळ्या गवताचेच होते. फेब्रुवारीत बर्फाची शक्यता अधिक, पण तेव्हा पोरांच्या परीक्षा दारात उभ्या. तो महिना जमतो निवृत्तांना, आणि रेल्वेतून निवृत्त झालेल्यांना तर पासही मिळतो.