ऑपरेशननंतर किती दुखतंय ते खोकून बघा, मग सांगा

सर्जरी वॉर्डात सकाळच्या राउंडला प्रत्येक बेडपाशी "दुखतंय का?" विचारलं जातं आणि उत्तर जवळपास ठरलेलं असतं, "नाही, बरंय." बायकांचं तर हमखास. काल पोट उघडून पिशवी काढलेली असते, मावशी पाठीवर सरळ पडलेल्या, अजिबात हलत नाहीत, आणि म्हणतात काही नाही ओ सिस्टर, बरंय. मग मी म्हणते मावशी, जरा खोकून दाखवा. त्या श्वास घ्यायला जातात आणि अर्ध्यातच थांबतात, एका हाताने बेडचा दांडा घट्ट धरलेला, दुसरा हात पोटावर, डोळे मिटलेले, कपाळावर घाम. याला बरंय म्हणत नाहीत. ऑपरेशननंतरचं दुखणं नुसतं पडल्या पडल्या मोजायचं नसतं, कूस बदलताना, उठून बसताना, खोकताना मोजायचं असतं. मुंबईत पालिकेच्या वॉर्डात काम करताना मला सगळ्यात जास्त हेच सांगावं लागतं.

यात नुसता सोसण्याचा प्रश्न नाही. पोटाची किंवा छातीची चीर दुखते म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकायचं टाळतो, मग फुप्फुसाच्या खालच्या भागात हवा नीट पोचत नाही, कफ साठतो आणि त्यातून न्युमोनिया होऊ शकतो. दुखतं म्हणून बेडवरून उठत नाही, मग पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी व्हायची भीती, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. दुखण्याने नाडी आणि बीपीसुद्धा वाढतं, हार्टचा त्रास असलेल्याला ते झेपत नाही. फिजिओवाले ते तीन बॉलचं यंत्र देतात ना, श्वास ओढून बॉल वर न्यायचे, ते बॉल वर जात नाहीत तेव्हा घरचे म्हणतात अशक्तपणा आलाय, पण बऱ्याचदा अडचण दुखण्याची असते. तासाभरापूर्वी औषध मिळालेलं असेल आणि पोटावर उशी दाबून धरली असेल तर तोच माणूस बॉल वर नेतो.

आता मोजायचं कसं. दुखणं दाखवणारी रक्ताची टेस्ट नाही, एक्सरे नाही, पेशंट सांगेल तेच माप. ० म्हणजे अजिबात नाही आणि १० म्हणजे याहून जास्त कल्पनाच करवत नाही, यात तुमचा आकडा कुठला, असं विचारतात. शिकलेली पोरं पटकन सांगतात, पण आमच्या आज्या आकड्याला गोंधळतात. त्यांना मी विचारते, आजी कालच्यापेक्षा किती फरक आहे, आणि उत्तर लगेच येतं, "आठ आणे कमी आहे बाय, पण उठताना बारा आणे राहतंच." एवढ्यावर काम भागतं, कारण खरी गरज तुलनेची असते, औषधाआधी किती होतं, नंतर किती राहिलं, पडून किती आणि हलताना किती. एकाच ऑपरेशननंतर शेजारशेजारचे दोघे जण ३ आणि ८ सांगू शकतात आणि दोघंही खरंच बोलत असतात, त्यामुळे "त्या बेडवाल्याला बघा, एवढं काही नाही" असं नातेवाइकांनी प्लीज म्हणू नका.

ज्याला बोलता येत नाही त्याचं काय? लहान बाळांच्या बाबतीत चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि जवळ घेतल्यावर शांत होतं का, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ मार्क देऊन बेरीज करतात. हे पुढे आलं ते फार उशिरा. १९८०च्या दशकापर्यंत नवजात बाळांची ऑपरेशनं कित्येकदा अगदी जुजबी भूल देऊन व्हायची, समज असा की बाळाला दुखणं तेवढं जाणवत नाही. १९८७ साली डॉ. कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डमध्ये दाखवून दिलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऑपरेशनच्या वेळी फेंटानिल हे मॉर्फिनच्या जातीचं औषध दिलं तर शरीरावरचा ताण कितीतरी कमी होतो. दुखण्याच्या अभ्यासकांच्या जागतिक संघटनेने १९७९ची व्याख्या २०२० साली सुधारली तेव्हा सोबत स्पष्ट लिहिलं की सांगता येत नाही म्हणजे दुखत नाही असं नाही. डिमेन्शियावाले आजोबा, व्हेंटिलेटरवरचा पेशंट, सगळ्यांना हे लागू आहे.

उपचाराकडे येऊ. चीर पडली की तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं सोडतात, नसा चेतवल्या जातात, सिग्नल मज्जारज्जूतून मेंदूत जातो. या वाटेवर वेगवेगळ्या जागी वेगवेगळी औषधं काम करतात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही प्रोस्टाग्लँडिन कमी करतात, भूलतज्ज्ञ सोनोग्राफीवर बघून नसेभोवती ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन, देतात तो सिग्नलच अडवतो, मॉर्फिन मज्जारज्जू आणि मेंदूत काम करतं, पॅरासिटामॉल आधाराला असतंच. एकाचाच मोठा डोस देण्यापेक्षा दोनतीन मिळून थोडंथोडं दिलं की दुखणं चांगलं आटोक्यात येतं आणि मॉर्फिन कमी लागतं, म्हणजे मळमळ, बद्धकोष्ठता, गुंगीही कमी. १९९०च्या दशकापासून हीच पद्धत रुळत गेली.

आणि औषध घड्याळाप्रमाणे घ्यायचं, असह्य होईपर्यंत थांबायचं नाही. सिग्नल सतत येत राहिले की मज्जारज्जूतल्या पेशी जास्त संवेदनशील होतात, टीव्हीचा आवाज वाढवून ठेवल्यासारखं, मग चादर घासली तरी दुखतं आणि तेवढ्याच औषधाने भागत नाही. गुडघा बदललेल्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवा. ब्लॉक असेपर्यंत पाय मस्त वाटतो, लोक गोळी नको म्हणतात, आणि ब्लॉक उतरतो नेमका रात्री. गोळ्या तो उतरायच्या आधीच सुरू व्हायला हव्यात.

लोकांच्या भीतीबद्दल थोडं. "पेनकिलरने किडनी जाते" यात तथ्य आहे, पण डायक्लोफिनॅकच्या जातीच्या गोळ्यांबद्दल, आणि तेही किडनी आधीच कमजोर, वय जास्त, पाणी कमी झालेलं किंवा महिनोन्महिने गोळ्या चालू असतील तेव्हा. "मॉर्फिनची सवय लागेल" ही भीती वॉर्डातल्या दोनचार दिवसांच्या मोजक्या डोसला फारशी लागू नाही. पण उलट टोकही आहेच. अमेरिकेत १९९०च्या दशकात दुखण्याचा आकडा बीपी, नाडीच्या रांगेत बसवला गेला, आकडा खाली आणायच्या नादात मॉर्फिनच्या जातीच्या गोळ्या वाढत गेल्या, आणि तिथल्या व्यसनाच्या संकटाच्या अनेक कारणांत हेही धरलं जातं. म्हणून आम्ही शून्याचा हट्ट धरत नाही. पेशंट नीट खोकला, उठून बाथरूमपर्यंत चालला, रात्री झोपला, की औषध पुरतंय.

मोठ्या हॉस्पिटलांत मॉर्फिनसारख्या औषधाचा बटणवाला पंप असतो, दुखलं की पेशंटने दाबायचं, ठराविक मिनिटं पुढचा डोस जातच नाही. ते बटण फक्त पेशंटचं. मुलगा प्रेमाने "बाबा झोपलेत, त्यांना दुखू नये" म्हणून दाबतो आणि तिथेच धोका होतो. गुंगीतला माणूस स्वतः बटण दाबत नाही, यावरच त्या पंपाची सुरक्षा उभी आहे. जास्त डोसने श्वास मंदावतो, म्हणून आम्ही आकड्यासोबत पेशंट किती जागा आहे तेही बघतो.

घरी गेल्यावर एक गडबड फार होते. हॉस्पिटलची गोळी, वर फॅमिली डॉक्टरची, वर अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून आणलेली डोलो किंवा क्रोसिन, आणि तिन्हींत पॅरासिटामॉल असतं. आपल्याकडे एसिक्लोफिनॅक किंवा ट्रॅमाडॉलसोबत ते मिसळलेल्या गोळ्या खूप चालतात. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल नको, बारीक माणूस किंवा लिव्हरचा त्रास असेल तर आणखी कमी, तेव्हा पाकिटामागची नावं वाचा नाहीतर केमिस्टला विचारा.

कमी होत चाललेलं दुखणं अचानक वाढलं तर गोळी वाढवू नका, फोन करा. पोट दगडासारखं कडक, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखून धाप, जखमेला पू किंवा ताप, प्लास्टरमधला पाय बोटं हलवली तरी असह्य दुखणं, यासाठी त्याच रात्री कॅज्युअल्टी गाठा, ओपीडीच्या वाराची वाट बघू नका. आणि जखम भरून ३ महिने झाले तरी तिथे आग होतेय, करंट बसल्यासारखं होतंय, कपडा लागवत नाही असं असेल तर ते बहुतेक नसेचं दुखणं असतं, साध्या पेनकिलरला फारसं दाद देत नाही, त्याला प्रीगाबालिनसारखी वेगळी औषधं असतात, आणि मुंबईत बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत त्यासाठी पेन क्लिनिकची ओपीडी असते, डिस्चार्ज कार्ड घेऊन तिथे जा.