डेन्व्हरच्या हवेचा हिशेब

बेसबॉलमध्ये बेसमधले अंतर नियमाने बांधलेले, कुंपण मात्र जागा मिळेल तसे. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर, डावखुऱ्याचे जोरदार फटके जातात त्या उजव्या टोकाचे कुंपण जेमतेम २५८ फुटांवर होते. तिथल्या एका डावखुऱ्या फलंदाजाने कारकिर्दीतल्या ५११ होम रनपैकी (थेट कुंपणापलीकडचे फटके) ३२३ घरच्याच मैदानावर मारले आणि १९५१ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मतदानाने निवडलेल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. फिलाडेल्फियाच्या, तशाच जवळच्या कुंपणाच्या बेकर बोल मैदानावर १९३३ मध्ये तिहेरी मुकुट (सरासरी, होम रन आणि घडवलेल्या धावा या तिन्हींत अव्वल) मिळवणाऱ्याचा प्रवेश मात्र १९८० पर्यंत लांबला. तोवर त्याला जाऊन बावीस वर्षे झाली होती. मैदानाचा फायदा कोणाच्या खाती मांडायचा याला धरबंध नव्हता, तो असा.

वाद खरा पेटला डेन्व्हरमुळे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर १९९५ मध्ये तिथल्या कोलोरॅडो संघाचे कूर्स फील्ड मैदान उभे राहिले. विरळ हवेत चेंडू लांब जातो म्हणून कुंपणे मुद्दाम मागे नेली, तर मधल्या मोकळ्या जागेत चेंडू पडून दोन-दोन, तीन-तीन बेसचे फटके वाढले. होम रनही थांबले नाहीत: १९९९ च्या एका हंगामात तिथे ३०३ झाले. २००२ पासून चेंडू दमट खोलीत ठेवू लागले, तेव्हा थोडा उतार पडला.

इथे ‘पार्क फॅक्टर’ आला. घरच्या सामन्यांत दोन्ही संघांनी मिळून काढलेल्या धावा आणि त्याच संघाच्या बाहेरच्या सामन्यांतल्या धावा यांचे गुणोत्तर, १०० म्हणजे सर्वसाधारण. कल्पना साधी, पण कोष्टके दोन तऱ्हेची. काहींत मैदानाचा पूर्ण परिणाम असतो. काहींत, खेळाडू निम्मे सामने बाहेरच खेळतो म्हणून, तो आधीच निम्मा केलेला असतो. हा फरक न पाहता कोणी दोनदा निम्मे करतो, तर कोणी संपूर्ण कारकिर्दीवर पूर्ण दंड लावतो. शिवाय एकच आकडा डावखुऱ्याला आणि उजव्याला सारखा कसा लागू होईल? अनेक मैदानांची उजवी-डावी बाजू सारखी नाही.

त्याहून फसवा युक्तिवाद म्हणजे ‘बाहेरचे आकडे तेच खरे’. आपल्याकडे ‘घरच्या खेळपट्टीवरचे वाघ’ म्हणतात, तोच सूर. पण विरळ हवेत फिरकी घेतलेला कर्व्हबॉलही (हवेत वळणारा चेंडू) कमी वळतो. आठवडाभर असे चेंडू खेळून फलंदाज समुद्रकाठच्या सॅन डिएगोला उतरला की तोच चेंडू जास्त वळू लागतो. म्हणजे बाहेरच्या आकड्यांतही डेन्व्हरचाच वाटा असतो, उलट दिशेने. दंड लावणारे हे क्वचितच धरतात.

कोलोरॅडोच्या एका कॅनेडियन खेळाडूला याची झळ बसली. कूर्सवर त्याची फलंदाजीची सरासरी .३८१, म्हणजे हजारात ३८१ वेळा यशस्वी फटका. पण १९९७ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा त्याच्या ४९ होम रनपैकी २९ बाहेरचे होते, आणि संपूर्ण कारकिर्दीतल्या फलंदाजीचा कूर्सवरचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. हॉल ऑफ फेमसाठी २०११ मध्ये त्याला २०.३ टक्के मते पडली. २०२० मध्ये, शेवटच्या संधीला, ७६.६. लागतात ७५.

याच काळात मतदार, म्हणजे बेसबॉलचे पत्रकारही बदलले. २०१६ पासून, दहा वर्षांहून अधिक काळ वार्तांकनापासून दूर असलेल्यांचा मताधिकार गेला. गणित सुधारण्याइतकाच याचाही हात आहे, पण त्याची चर्चा कमी होते.

न्यूयॉर्कच्या एका उजव्या फलंदाजाला यांकी स्टेडियमच्या लांब डाव्या बाजूने छळले, ३६१ पैकी फक्त १४८ होम रन घरी. त्याबद्दल सगळ्यांना हळहळ. डेन्व्हरच्या फलंदाजाची मात्र वजाबाकी.

पुढची कसोटी अवघड होती. १९९७ ते २०१३ अशी सारी कारकीर्द डेन्व्हरमध्येच काढलेला पहिल्या बेसवरचा खेळाडू, घरी .३४५, बाहेर .२८७. दुसऱ्या संघातले आकडे दाखवायला त्याच्याकडे नव्हतेच. २०१९ मध्ये त्याला १६.५ टक्के मते होती. २०२४ मध्ये ७९.७ टक्के मतांनी तो आत गेला.