डायनो चाचणी, हौशी कार रेसिंगमधली

गाडीची पॉवर, चाकं रोलरवर फिरवून, डायनामोमीटर या यंत्रावर, म्हणजे सगळे म्हणतात त्या डायनोवर, मोजायची आणि त्या आकड्यावरून गाडी कुठल्या क्लासमध्ये धावणार ते ठरवायचं, अशी ही पद्धत. वरच्या पातळीवर, म्हणजे ल माँसारख्या हायपरकार शर्यतीत, टॉर्क सेन्सर, म्हणजे फिरवण्याचा जोर मोजणारे, गाडीच्या ॲक्सलवरच बसवलेले असतात, हौशी रेसिंगमध्ये तो खर्च कोणाला झेपत नाही म्हणून डायनोवर भागवावं लागतं.

अश्वशक्ती हे एकक जेम्स वॉटच्या नावावर टाकतात, पण इंजिनाची घोड्यांशी तुलना थॉमस सेव्हरीने १७०२ मध्येच केली होती. एक घोडा मिनिटाला किती काम करतो यावर मात्र जुन्या लोकांचं एकमत नव्हतं : इंजिनिअर स्मीटनचा आकडा २२,९१६ फूट-पाउंड आणि वॉटचा ३३,०००. वॉटच्या आकड्यामागे दोन कथा सांगतात. एक खाणीतल्या तट्टांची, २२,००० धरून त्याची दीडपट केली अशी. दुसरी गिरणीच्या घोड्याची, १२ फूट त्रिज्येचं चक्र, तासाला १४४ फेरे, १८० पाउंडांची ओढ, गुणाकार केला की मिनिटाला ३२,५७२ येतात आणि तेच वर ढकलून ३३,००० झाले. हिच्यात गणित उघड मांडलेलं आहे त्यामुळे हीच जास्त पटते. ब्रेक लावून पॉवर मोजायची कल्पना सहसा फ्रेंच इंजिनिअर प्रोनीच्या १८२१ च्या ब्रेकपासून धरतात, ग्रॅहमचं यंत्र त्याच्याही आधीचं पण ते माणसाच्या स्नायूंचं बळ मोजायचं, फिरत्या शाफ्टची पॉवर नाही. विल्यम फ्रूडचा पाण्याचा ब्रेक १८७७ च्या सुमाराचा.

आज वॉटचा एचपी म्हणजे ७४५.७ वॅट आणि ब्रोशरवरचा पीएस, म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती, ७३५.५ वॅट, म्हणजे नुसत्या एककातच जवळपास दीड टक्क्याचा फरक, आणि नियमावलीत कुठलं एकक ते लिहिलंच नसेल तर भांडण तिथूनच सुरू होतं. शिवाय ब्रोशरचा आकडा इंजिनाचा असतो, रोलरवर दिसतो तो चाकांचा. चाकाच्या आकड्यात सरसकट १५ टक्के मिळवून इंजिनाची पॉवर काढायची सवय गॅरेजमध्ये पक्की आहे, पण गिअरबॉक्स, टायर, ऑइलचं तापमान प्रत्येक गाडीत वेगळं असल्यामुळे क्लाससाठी चाकाचाच आकडा धरावा हे बरं.

मापन दिसायला सोपं असतं. गाडी रोलरवर चढवून पट्ट्यांनी आवळतात, बॉनेटसमोर मोठा पंखा लावतात, मग चौथ्या गिअरमध्ये पेडल जमिनीला टेकवून रेडलाइनपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेपर्यंत, नेतात, दहाबारा सेकंदांत ही एक धाव, म्हणजे पुल, संपते. इनर्शिया डायनोवर, म्हणजे डायनोजेट कंपनीच्या नेहमीच्या मॉडेलवर, जड ड्रम किती झपाट्याने वेग घेतो त्यावरून हिशेब होतो, त्यामुळे हलकी अलॉय चाकं आणि हलका फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेलं जड चाक) बसवला की इंजिन तेच असूनही आकडा वाढतो. मस्टँग कंपनीच्या यंत्रासारख्या लोड डायनोवर एडी करंटचा, म्हणजे चुंबकीय, ब्रेक रोलरला विरोध करतो आणि आकडा सहसा कमी येतो. त्यामुळे एका डायनोवरचे १५० एचपी दुसऱ्या डायनोवरच्या १४२ शी ताडून बघणं चुकीचं आहे, तुलना एकाच डायनोवर, एकाच दिवशी, एकाच ऑपरेटरच्या हाताखाली व्हायला हवी.

मुंबईत याच्यात हवेची भर पडते. जुलैच्या दुपारी पारा ३१-३२ वर असतो आणि हवेतली वाफ ऑक्सिजनची जागा खाते, इंजिन खरोखरच दमतं. एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेचं जे १३४९ करेक्शन, म्हणजे हवामानानुसार आकडा दुरुस्त करायचं सूत्र, २५ अंश आणि ९९ किलोपास्कल कोरडी हवा हे प्रमाण धरून आकडा वर नेतं, अशा दिवशी ती वाढ साधारण चार टक्क्यांच्या आसपास जाते. जुनं एसटीडी करेक्शन १५.५ अंश धरतं म्हणून त्यात आणखी दोनचार टक्के जास्त दिसतात. बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) धरून ठेवलेल्या टर्बो गाडीला हे पूर्ण लावलं तर आकडा गरजेपेक्षा फुगतो आणि टर्बोवाल्यावर अन्याय होतो, नॉन-टर्बोवाल्याला ते ठीक बसतं.

खरा घोळ हितसंबंधांचा आहे. डायनो बहुतेक करून रीमॅप करणाऱ्या, म्हणजे ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलून पॉवर वाढवणाऱ्या, गॅरेजकडेच असतो आणि त्याला रीमॅपनंतरचा आकडा मोठा दाखवायचा असतो, क्लासच्या मर्यादेत बसायचंय त्या रेसरला मात्र लहान हवा असतो. मोठा करायचा तर हवामानाचा सेन्सर एक्झॉस्टच्या गरम झोतात ठेवायचा, हवा विरळ आहे असं समजून सॉफ्टवेअर स्वतःच करेक्शन वाढवतं. लहान करायचा तर पट्ट्या करकचून आवळायच्या, टायरमधली हवा कमी करायची, इंजिन मुद्दाम तापवून ठेवायचं (हीट-सोक), नाहीतर सरळ ईसीयूत दुसरा मॅप ठेवायचा. हे शेवटचं सगळ्यात वाईट, कारण बाहेरून काहीच दिसत नाही, आणि जो माणूस कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सेकंडहँड पार्ट शोधून प्रामाणिकपणे मर्यादेत गाडी बांधतो त्याचा पूर्ण सीझन यात वाया जातो.

यावर उपाय आहेत. शर्यतीनंतर पार्क फर्मेतून, म्हणजे गाड्या हात न लावता ठेवतात त्या जागेतून, थेट, आधी न सांगता डायनोवर न्यायचं, ट्यूनरला चावीला हात लावू द्यायचा नाही, तीन पुलची सरासरी, कच्ची फाइल आयोजकाकडे, आणि जीपीएस लॉगरवरचा सरळ रस्त्यावरचा वेग त्या आकड्याशी जुळतो का ते बघायचं. अमेरिकेतली नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन तिच्या सुपर टूरिंग क्लासमध्ये नुसता पीक, म्हणजे सर्वोच्च आकडा, न धरता सरासरी पॉवर आणि वजन यांचं गुणोत्तर बघते, हे योग्यच, कारण १५० पीकच्या दोन गाड्यांत जिचा पॉवरचा कर्व्ह सपाट ती कोपऱ्यातून बाहेर पडतानाच पुढे जाते. गुणोत्तरात ड्रायव्हर धरूनच वजन घ्यायचं.

भारतात एफएमएससीआय या मोटरस्पोर्ट संघटनेच्या टूरिंग क्लासमध्ये वर्गवारी प्रामुख्याने सीसी आणि मॉडिफिकेशनवर आहे, एलजीबी फॉर्म्युल्यासारख्या एकआसनी गाड्यांच्या मालिकांत सगळ्यांना एकच इंजिन. मुंबईत कायमचा ट्रॅक नाही, इथली पोरं कोइंबतूरच्या कारी स्पीडवेला नाहीतर चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला गाड्या ट्रेलरवरून नेतात, म्हणजे पॉवरवरून क्लास ठरवायचा म्हटला तर ज्या डायनोवर वर्षभर ट्यूनिंग केलं तो घरी हजार किलोमीटरवर राहतो आणि तिथे वेगळ्याच रोलरवर आकडा चार-पाचने वर दिसला तर गाडी क्लासबाहेर. इलेक्ट्रिक गाड्यांत पॉवर बॅटरीच्या चार्जवर आणि तापमानावर हलते, तिथे पुल किती टक्के चार्जवर घ्यायचा हे आधी लिहून ठेवावं लागतं.