चोराच्या मनातलं चांदणं बाहेरून दिसतं का?

समोरचा खोटं बोलतोय हे चेहऱ्यावरून ओळखतो, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस प्रत्येक टपरीवर भेटतो. नजर चुकवली, नाक खाजवलं, आवंढा गिळला, की झालं निदान! या आत्मविश्वासाचं माप काढलेलं आहे. बाँड आणि डीपॉलो या संशोधकांनी २००६ मध्ये चोवीस हजारांहून जास्त लोकांचे निवाडे एकत्र तपासले, तेव्हा खरं-खोटं बरोबर ओळखण्याचं प्रमाण ५४ टक्के निघालं. नाणं उडवलं तरी पन्नास मिळतातच.

नजर भीतीनंही खाली जाते, लाजेनंही, आणि मोठ्यांसमोर शिस्त म्हणूनही. आत काहीतरी हललं एवढंच शरीर सांगतं. काय हललं ते शोधायचं तर प्रश्नच वेगळा बांधावा लागतो. डेव्हिड लिकेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५९ मध्ये नेमकं हेच केलं. त्याची युक्ती चिठ्ठ्यांवर समजून घेऊ.

काटोल, सावनेर, उमरेड, रामटेक, कळमेश्वर अशा नागपूरकडच्या गावांच्या नावांच्या पाच चिठ्ठ्या करा. एकानं त्यातली एक उचलायची, वाचायची आणि खिशात टाकायची. मग त्याच्या एका हाताच्या दोन बोटांना इलेक्ट्रोड लावतात आणि त्यांतून जेमतेम अर्ध्या व्होल्टचा दाब देतात. मनात काही खटकलं की तळहाताच्या घामग्रंथींना चेतातंतूंचा इशारा जातो, एक ते तीन सेकंदांत त्वचेतून वीज किंचित जास्त वाहते आणि पडद्यावरची रेघ वर चढते. हा बदल मायक्रोसीमेन्स या वाहकतेच्या एककात मोजतात, ०.०५ इतकी वाढ झाली तरी ती प्रतिसाद म्हणून धरण्याची पद्धत आहे.

आता एकेक नाव घेऊन ‘हीच चिठ्ठी का?’ असं विचारायचं, मध्ये वीस-पंचवीस सेकंद जाऊ द्यायचे. प्रत्येक नावाला उत्तर एकच, ‘नाही’. सुरुवात मात्र चिठ्ठ्यांत नसलेल्या नावानं करायची, समजा मौदा. पहिल्या प्रश्नाला कुणीही दचकतो, त्यामुळे ती रेघ मोजणीत धरत नाहीत. नावांचा क्रम बदलून तीन फेऱ्या घ्यायच्या. तिन्ही वेळा सर्वांत उंच रेघ खऱ्या चिठ्ठीवरच योगायोगानं येण्याची शक्यता १२५ मध्ये एक.

नागपुरात मे महिन्यात हे करायचं तर पहिली अडचण कूलरची. बाहेर ४५ अंश, आत कूलरची ओलसर हवा. तळहात आधीच भिजलेला, रेघ आधीच वर, मग छोटी उडी त्यात दिसणार कशी? एसीची खोली घ्यावी, तापमान तेवीस-चोवीसवर ठेवावं आणि उन्हातून आलेल्या माणसाला पंधरा मिनिटं नुसतं बसू द्यावं. हात साध्या पाण्यानं धुवावेत. साबणानं त्वचेची वाहकता बदलते. खोकला आणि दीर्घ श्वास यांनीही रेघ उडते, तेव्हा त्यांची वेळ टिपून ठेवायची. काही लोकांची रेघ जवळपास हलतच नाही. त्यांच्यावर वेळ घालवू नये.

दुसरी चूक जास्त घातक. नावं वाचणाऱ्याला खरी चिठ्ठी माहीत असेल, तर त्याचा आवाज त्या नावावर नकळत बदलतो. दारात येणारा नंदीबैल मान हलवतो तो धन्याच्या इशाऱ्यावर, आणि तो इशारा धनी मुद्दाम देतो. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टाप आपटून गणितं सोडवायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्टनं दाखवून दिलं, की टापा उत्तराच्या आकड्यापर्यंत पोचल्या की विचारणाऱ्याचं डोकं किंचित वर उठायचं, आणि घोडा तेवढंच हेरून थांबायचा. तो इशारा देणाऱ्यालाच ठाऊक नव्हता. विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसलं, की हान्सही नापास.

तिसरी गोम अशी, की ज्याचं सासर उमरेडला, त्याची रेघ उमरेडवर उडणारच. रेघेला ओळख कळते, गुन्हा कळत नाही. म्हणून तपासात ही पद्धत तिथेच चालते जिथे गुन्ह्याचा तपशील फक्त पोलीस आणि गुन्हेगार यांनाच माहीत असतो. जपानचे पोलीस ती नियमित वापरतात. घरफोडीत कपाट फोडलं की पेटी, हे सकाळच्या पेपरात छापून आलं, तर तो प्रश्न वाया गेला. आपल्याकडे तर संशयिताच्या संमतीशिवाय अशी चाचणी घेताच येत नाही. ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलं.

संमती देऊनही फसवणारे असतात. खोट्या नावांवर बुटातला अंगठा दाबला की तिथली रेघही वर जाते आणि खरी चिठ्ठी गर्दीत हरवते. त्यावर उपाय आहे, खुर्चीत आणि पायाखाली हालचाल टिपणारे सेन्सर बसवतात. पण सावनेर, रामटेक ऐकताच जो मनातल्या मनात दोनशेतून सात-सात वजा करत सुटतो, त्याच्यासाठी अजून तशी खुर्ची नाही.