गोगलगायीच्या आधी आणि नंतर

दुसऱ्याच्या हयगयीमुळे आपलं नुकसान झालं, तर भरपाई मागता येते, हे आज कुणालाही उघड वाटेल. इंग्लंडच्या न्यायालयांना मात्र ते मान्य करायला फार वेळ लागला. मुख्य अडसर होता कराराचा.

१८४२ चा विंटरबॉटम विरुद्ध राइट हा खटला पाहा. टपाल नेणारी घोडागाडी वाटेत मोडली आणि गाडीवान कायमचा जायबंदी झाला. गाडी सुस्थितीत ठेवण्याचं कंत्राट राइटकडे होतं, पण ते पोस्टमास्टर जनरलशी केलेलं. गाडीवानाशी करार नाही, म्हणून त्याच्याबाबत जबाबदारीही नाही! अशांना दाद दिली तर दाव्यांना अंतच उरणार नाही, ही न्यायाधीशांची धास्ती. जायबंदी माणसापेक्षा दाव्यांच्या संख्येची चिंता मोठी ठरली.

काळजी किती घ्यायची, याचं माप मात्र त्याआधीच ठरू लागलं होतं. १८३७ मध्ये निकाल लागलेल्या एका खटल्यात मेनलव्ह नावाच्या माणसाने शेजाऱ्याच्या घरांजवळ गवताची गंजी रचली होती. ती पेट घेईल असं लोक सांगत होते, त्याने मनावर घेतलं नाही. व्हायचं तेच झालं, घरं जळाली. ‘माझ्या कुवतीप्रमाणे मी वागलो’ हा त्याचा बचाव न्यायालयाने फेटाळला. प्रत्येकाच्या अकलेचं माप वेगळं. म्हणून सर्वसाधारण शहाणा माणूस कसा वागला असता, तेच पाहायचं.

कराराची भिंत पडली ती १९३२ मध्ये. त्याच्या चार वर्षं आधी स्कॉटलंडमधल्या पेझली इथे मे डोनोह्यू यांना मैत्रिणीने जिंजर बिअर घेऊन दिली. बाटली गडद, अपारदर्शक. उरलेलं पेय ओतताना कुजलेली गोगलगाय बाहेर आली, अशी त्यांची तक्रार. पैसे मैत्रिणीने दिलेले, म्हणजे डोनोह्यूंचा करार दुकानदाराशीही नाही. त्यांनी थेट उत्पादक स्टीव्हन्सनवर ५०० पौंडांचा दावा लावला. त्या वेळी ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन अशा निसटत्या बहुमताने तो चालू शकतो असं ठरवलं. आपल्या कृतीची झळ ज्याला पोहोचेल हे आधी कळायला हवं, तो कायद्याच्या दृष्टीने आपला शेजारी, असं निकाल देणाऱ्या न्यायाधीशांपैकी लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी मांडलं.

पुढे प्रकरण तडजोडीने मिटलं. त्यामुळे बाटलीत गोगलगाय खरंच होती का, हे कुठल्याही न्यायालयात सिद्ध झालं नाही.